‘काही करत नाही हो तो!’

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ब्रूनो 16 महिन्यांचा लॅब्रॅडॉर, वजन 34 किलो, आजवर कुणाला चावलेला नाही. गेल्या रविवारी तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि आतून बाहेर येणाऱ्या आजींच्या अंगावर त्यानं उडी घेतली. आजी पडल्या, मनगटाचं हाड मोडलं. पट्टा तुमच्या 11 वर्षांच्या मुलाच्या हातात होता. आता सोसायटीनं नोटीस लावली आहे: ब्रूनोला लिफ्टबंदी आणि आवारात मझल, म्हणजे तोंडाला बांधायचं मुसकं, सक्तीचं. तुम्ही विचारताय की कुत्रा प्रेमळ आहे, ट्रेनरही लावलाय, तरी सोसायटीला असा अधिकार आहे का? आणि ही उड्या मारायची खोड किती दिवसांत जाईल?

अधिकाराचं खाली लिहिते, कारण ते सोपं आहे. तुमची खरी अडचण मात्र या दोन्ही प्रश्नांच्या मधे कुठेतरी पडली आहे. खोड जायला काही महिने लागतील, असं धरून चाला. त्या काही महिन्यांत ब्रूनो रोज तीनदा त्याच लिफ्टमधून खाली जाणार. म्हणजे तो शिकेपर्यंत रोज तीन वेळा समोरच्या माणसाला कोण सांभाळणार, हा प्रश्न आहे. ट्रेनर लावला की हा प्रश्न सुटला, असं बहुतेकांना वाटतं. शिकवणं वेगळं आणि ताबा ठेवणं वेगळं. शिकवणं सावकाश होतं. ताबा आज संध्याकाळच्या फेरीपासून हवा.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये गेली 19 वर्षं मी कुत्र्यांना, खरं तर त्यांच्या माणसांना, शिकवते आहे. या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘काही करत नाही हो तो!’ लांबून ओरडून म्हटलेलं, बहुतेकदा कुत्रा समोरच्यापर्यंत पोचल्यावर. हे वाक्य कुत्र्याच्या मनाबद्दल आहे आणि ते खरंही असतं. पण आजींची गाठ ब्रूनोच्या मनाशी पडली नाही, 34 किलोंशी पडली. सत्तरीतल्या बाईचं हाड मोडायला दात लागत नाहीत.

पहिलं काम कुत्र्याचं नाहीच. आजींकडे जाऊन आला नसाल तर आज जा. ब्रूनोला न घेता. ‘तो फक्त खेळत होता’ हे वाक्य तिथे उच्चारू नका, ते ऐकणाऱ्याला दिलगिरीसारखं वाटत नाही, सफाईसारखं वाटतं. डॉक्टरांचा, प्लास्टरचा, फिजिओथेरपीचा खर्च आमचा, असं स्वतःहून सांगा. आणि नखाचा ओरखडा कुठे आलाय का, तेही विचारा. म्हातारपणी कातडी पातळ होते, उडी मारलेल्या कुत्र्याची नखं सहज लागतात, आणि हाडाच्या गडबडीत तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. रेबीजच्या बाबतीत रक्त न आलेला ओरखडाही डॉक्टरांना दाखवायचा असतो. ब्रूनोच्या लसीकरणाच्या पुस्तिकेची प्रत सोबत न्या, म्हणजे लस घ्यायची की नाही हे डॉक्टरांना ठरवता येईल, आणि ब्रूनोला 10 दिवस नजरेसमोर ठेवता येईल हेही त्यांना कळवा.

तुमच्या प्रश्नात ‘काही लोक उगाच घाबरतात’ असं एक वाक्य आहे. उगाच नाही. आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, कुत्रा म्हटलं की त्याला पोटातली 14 इंजेक्शनं आठवतात. ती लस बंद होऊन 20 वर्षं झाली, आता दंडात मोजकी इंजेक्शनं घेऊन भागतं, पण लहानपणी गल्लीतला एखादा मुलगा रोज दवाखान्यात रडत जाताना पाहिलेला असतो, तो डोळ्यांपुढून जात नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. समोरच्याची भीती घालवणं हे तुमचं काम नाही. त्याला तुमच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, जवळून जायचं नाही, एवढं त्यानं एका नजरेत सांगितलं तरी पुरे झालं पाहिजे.

आता सोसायटीचं. भारतीय प्राणी कल्याण मंडळानं 2015 साली पाळीव आणि भटक्या कुत्र्यांबाबत सोसायट्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांनुसार सर्वसाधारण सभेत बहुमतानं ठराव केला तरी सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेऊ शकत नाही. मझलसाठीही अडून बसता येत नाही. त्याच सूचनांमध्ये सामाईक जागेत कुत्रा पट्ट्यावर ठेवा आणि घाण उचला, असंही मालकांना सांगितलं आहे, पण हा भाग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फारसा फिरत नाही. तेव्हा नोटिशीविरुद्ध भांडलात तर तुम्ही बहुधा जिंकाल.

पण दुसरी बाजूही वाचून ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 म्हणतं की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असेल आणि जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हेच कलम 289 होतं, तिथे दंड 1,000 होता. कुत्रा चावायलाच हवा, असं कलमात कुठेही नाही. मोडलेलं हाड कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतीतच मोडतं. आणि हे कलम कागदावरचंही नाही. मुंबईत वरळीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये 2018 साली हस्की जातीचा कुत्रा शेजाऱ्याला चावला होता. लिफ्टमध्ये आधीपासून माणसं होती, तरी कुत्र्याला आत आणलं गेलं. 2025 मध्ये न्यायालयानं मालकाला चार महिन्यांची कैद सुनावली. लिफ्टचीच गोष्ट आहे, म्हणून सांगितली.

‘लॅब्रॅडॉर काही धोकादायक जात नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. मार्च 2024 मध्ये केंद्रानं 23 जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं होतं, त्या यादीत लॅब्रॅडॉर नव्हताच. ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं रद्द केलं. माझ्या वहीतलं सांगू का? माणसं पाडण्यात पहिला नंबर लॅब्रॅडॉरचा. रॉटवायलरचा मालक निदान दचकून असतो. लॅबचा मालक मोबाईल बघत असतो.

महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि दरवर्षीची रेबीजची लस, दोन्हींची तारीख आज तपासा. काही विमा कंपन्यांच्या कुत्र्यासाठीच्या पॉलिसीत त्रयस्थाला झालेल्या इजेचंही संरक्षण घेता येतं, त्याची चौकशी करा. पुढे.

ब्रूनो उडी का मारतो? इथे मला एक कबूल करायला हवं: मी त्याला पाहिलेलं नाही. पुढचं सगळं तो आनंदानं उडी मारतो असं धरून लिहिते आहे, कारण तुमच्या वर्णनात शेपूट, अंग, सगळंच हलतंय. पण माणूस समोर आल्यावर कान मागे गेलेत, अंग ताठ झालंय, डोळ्यांचा पांढरा भाग कडेनं दिसतोय, तो जीभ नाकावरून फिरवतोय, पुढे जाऊन भुंकतोय आणि लगेच मागे सरतोय, असं काही दिसत असेल तर ही भीती आहे आणि खालचा निम्मा सल्ला बदलेल. तसंच हे सगळं अचानक सुरू झालं असेल तर आधी डॉक्टरांकडे न्या. लॅबचे कान फार वेळा बिघडतात, आणि कान ठणकत असताना शिकवणी होत नाही.

आनंदाची उडी ही तुम्हीच शिकवलेली असते. 45 दिवसांचं पिल्लू घरी आलं, पाहुण्याच्या गुडघ्याला पुढचे पाय लावले, पाहुणा म्हणाला ‘अगं बाई, किती गोड’, आणि उचलून घेतलं. झाला पहिला धडा. पुढे तो 15 किलोंचा झाल्यावर तुम्ही हातानं ढकलायला लागलात. तुम्हाला वाटलं ही शिक्षा. त्याला वाटलं कुस्ती. 30 किलोंवर गेल्यावर ओरडायला लागलात, पण आठ पाहुण्यांमधले दोघे अजूनही ‘राहू दे हो, आम्हाला आवडतात’ म्हणत त्याचे कान खाजवतात. या दोघांमुळेच खोड टिकते. कधीतरी लॉटरी लागते म्हणून माणूस तिकीट घेतच राहतो, तसं.

त्यातून आपल्याकडे आणखी एक गोम आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पिल्लाला जे दिसतं, ऐकू येतं, ते त्याच्या जगात ‘नेहमीचं’ म्हणून बसतं. आणि नेमके हेच दिवस आपण पिल्लू घरात कोंडून ठेवतो, लसी पुऱ्या व्हायच्या असतात म्हणून. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या संसर्गाची, भीती खरी आहे, मी ती कमी लेखत नाही. पण पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन लिफ्टमधून वरखाली करता येतं, वॉचमनकाकांशी बोलत गेटपाशी उभं राहता येतं, हेल्मेटवाला, काठीवाला, छत्रीवाला लांबून दाखवता येतो. चौथ्या महिन्यात पहिल्यांदा खाली उतरलेल्या पिल्लाला प्रत्येक माणूस म्हणजे एकतर जत्रा वाटते नाहीतर राक्षस. ब्रूनोला जत्रा वाटते आहे. तुमचं नशीब त्या मानानं बरं.

म्हणजे आत्तापर्यंतचं इतकंच: सोसायटीच्या नोटिशीत कायद्याचं बळ कमी आहे, तुमच्या बाजूची चूक मात्र खरी आहे, आणि ती चूक ब्रूनोच्या स्वभावात नाही, लिफ्टसमोरच्या त्या चार सेकंदांत आहे. आता त्या चार सेकंदांचं बघू.

पट्टा कुणाच्या हातात, इथून सुरुवात. तुमचा मुलगा 11 वर्षांचा, वजनानं ब्रूनोच्या आसपास. त्यानं कितीही घट्ट धरलं तरी ब्रूनोनं मनावर घेतलं की मुलगा मागून घसरत जाणार. माझा नियम सरळ आहे: कुत्र्यानं पूर्ण ताकदीनं ओढलं तर पाय न हलवता जो उभा राहू शकतो, त्यानंच फिरवायचं. मुलाला वगळू नका, त्याला घरातल्या शिकवणीत घ्या, खाऊचा डबा त्याच्याकडे द्या, पण गेटच्या आत-बाहेर पट्टा मोठ्या माणसाच्या हातात. हेच घरकामाच्या मावशींना आणि ड्रायव्हरला लागू. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये सकाळी बघा, दहातले पाच-सहा कुत्रे नोकरमाणसं फिरवत असतात, कानात इअरफोन. काही झालं तर शिव्या त्या पोराला पडतात. त्याला कुणी काही शिकवलेलंच नसतं. ट्रेनरचे तास तुम्ही लावणार आणि कुत्रा फिरवणार तो, तर तासाला त्याला उभं करा, आणि त्या वेळेचे पैसेही द्या.

सामान फार लागत नाही. पाच-सहा फुटांची साधी जाड लीश, म्हणजे हातात धरायचा पट्टा. बटण दाबून आतबाहेर होणारी दोरीची लीश आवारात वापरूच नका. ती लांब जाते तेव्हा कुत्रा तुमच्या ताब्यात नसतो, फक्त तुम्हाला जोडलेला असतो. छातीवर पुढून कडी असलेला हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा पट्टा, घ्या. त्यात ओढणारा कुत्रा बाजूला वळतो, पाठीवर कडी असली की तो बैलगाडीसारखा जोर लावतो. लीशच्या हाताकडच्या टोकाची कडी अंगठ्यात अडकवा, उरलेला पट्टा मुठीत घ्या, दुसरा हात मधे धरा. मनगटाभोवती गुंडाळू नका, त्यात बोटं मोडलेली मी पाहिली आहेत.

लिफ्टला सगळे ट्रेनर ‘बस’ शिकवतात आणि उभं कुठे राहायचं हे कुणी सांगत नाही. अपघात लिफ्टच्या आत कमी होतात, दार उघडताना होतात. बटण दाबलं की दारापासून दीड-दोन मीटर मागे आणि बाजूला सरा. ब्रूनो भिंत आणि तुमचा पाय यांच्या मधे. दार उघडलं, आत कुणी आहे, बाहेर येतंय, येऊ द्या. आत कुणी आहे आणि वर जातंय, जाऊ द्या, पुढची घ्या. ‘या ना, तो काही करत नाही’ असं म्हणून त्या माणसाला भिडेत पाडू नका. आपल्याकडे लोक भिडेपोटी हो म्हणतात आणि सात मजले श्वास रोखून उभे राहतात. तुम्ही आत असताना मधल्या मजल्यावर कुणी आलं तर तुम्ही कोपऱ्यात, ब्रूनो तुमच्या मागे, तुमची पाठ किंवा कूस माणसाच्या बाजूला. ते थबकले तर तुम्ही उतरा. चिडू नका, तुम्हाला घाई असली तरी. लिफ्टमधला पहिला हक्क ज्याला भीती वाटते त्याचा, असं मी माझ्या लोकांना सांगते. हा काही कायदा नाही, माझं मत आहे.

शिकवणी याच जागेवर करायची, पण रिकाम्या वेळी. दुपारी अडीच-तीनला लॉबीत जा. तीन मिनिटांचा डाव, जास्त नाही. दारापासून दोन मीटरवर ब्रूनोचे चारही पाय जमिनीवर आहेत तोवर खाऊ. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा चालतो, शाकाहारी घरात पनीर चालतं, रोजचं खाणं मात्र नको, त्यासाठी तो एवढी मोहाची उडी सोडणार नाही. दार उघडलं, खाऊ जमिनीजवळ. दार मिटलं, खाऊ बंद. चार-पाच दिवसांत दार उघडायच्या आवाजाला तो तुमच्याकडे बघायला लागला की एखाद्या ओळखीच्याला लिफ्टमधून बाहेर यायला सांगा. त्यांनी बघायचं नाही, बोलायचं नाही, सरळ निघून जायचं. उडी आली तर अंतर कमी पडलं, असं समजा. ओरडू नका, दोन पावलं मागे या. जिथे तो माणूस बघूनही खाऊ घेऊ शकतो, तिथून सुरुवात. मग अंतर हळूहळू कमी. खाऊ तोंडात घेतच नसेल तर डोकं जागेवर नाही, त्या दिवशी तास संपला.

घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरा. मागे एका घरी गेले होते, आजोबा म्हणत ‘बस’, मुलगा म्हणे ‘सिट’, आणि आई म्हणे ‘बस ना रे बाळा खाली’. कुत्रा तिघांकडे आळीपाळीनं बघत उभा. ट्रेनर म्हणून मी तिथे पहिल्या दिवशी फक्त भाषिक समेट घडवला.

किती दिवस? मन लावून रोज केलं तर सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसतो, असा माझा अनुभव आहे. अनोळखी माणूस अचानक पुढे आला तरी पाय जमिनीवर राहतील, एवढा भरवसा यायला सहा-आठ महिनेही लागतात. ब्रूनो ऐन पौगंडावस्थेत आहे, मधेच आठवडाभर सगळं विसरल्यासारखं करेल. रोज दोन वेळा 20 मिनिटं फिरणं त्याच्या वयाच्या लॅबला पुरत नाही, ते वाढवा, फेऱ्यांमध्ये त्याला मनसोक्त हुंगू द्या. नसबंदीनं उड्या थांबतील का, असं तुम्ही विचारलंय. नसबंदीला इतर चांगली कारणं आहेत, हे त्यातलं नाही.

मझलबद्दल तुमचा सूर अपमान झाल्यासारखा आहे. मळणीच्या वेळी बैलाला मुसकं बांधतात, धान्यात तोंड घालू नये म्हणून. कुणी त्या बैलाला गुन्हेगार म्हणत नाही. ब्रूनोचा प्रश्न उडीचा आहे, चाव्याचा नाही, त्यामुळे मझलनं आजी वाचल्या नसत्या. सोसायटीला हे नीट समजावून सांगता येईल. पण कुठल्याही कुत्र्याला मझलची सवय असावी, असं मला वाटतं. उद्या पाय मोडला, डॉक्टरांकडे टेबलावर ठेवला, तर सगळ्यात प्रेमळ कुत्राही वेदनेनं चावतो. टोपलीसारखं मझल घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. जबडा आवळून ठेवणारं कापडी मझल फिरायला नेताना नको. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, मे महिन्यात ते जीवावर बेतेल. पंधरा दिवस त्यात खाऊ ठेवून त्यानं आपणहून तोंड घालावं, मग पट्टी लावा.

ट्रेनरचं थोडं बोलते, स्वतःला धरून. आपल्या देशात कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला कुठलाही परवाना लागत नाही. पाटी लावली की ट्रेनर. त्यामुळे तुमचा ट्रेनर काय करतो ते उभं राहून बघा. माझ्या सुरुवातीच्या काळात मीही साखळीचा गळफास वापरत असे, सगळेच वापरत. एका घरचा जर्मन शेफर्ड पाहुण्यांवर गुरगुरायचा. मी झटके देऊन गुरगुरणं बंद केलं, दीड महिन्यात. घरचे खूश, मीही खूश. सहा महिन्यांनी तो मालकाच्या भाच्याला चावला, आणि सगळे म्हणाले ‘काही सूचनाच दिली नाही हो’. दिली नाही, कारण द्यायची नाही असं मीच शिकवलं होतं. त्याची पाहुण्यांची भीती होती तिथेच होती, मी फक्त घंटा काढून घेतली होती. त्या मुलाच्या हाताला पडलेले टाके माझ्या खात्यावर आहेत. ब्रूनो कधी गुरगुरला तर त्याला रागावू नका, तिथून बाजूला घ्या आणि कशाला गुरगुरला ते लिहून ठेवा.

‘महिनाभर आमच्याकडे सोडा, शिकवून परत देतो’ असं सांगणाऱ्यांपासून जपून. कुत्रा तिथे शिकतो, त्या माणसापाशी. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात येतं की इथे सगळं पूर्वीसारखंच आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय की मोकळं पळायला मिळालं तर त्याची मस्ती जिरेल, म्हणून रविवारी वेताळ टेकडीवर पट्टा सोडला तर चालेल का. नाही. तिथे मोर आहेत, पहाटे चालायला येणारी म्हातारी माणसं आहेत, आणि भटक्या कुत्र्यांच्या आपापल्या हद्दी आहेत. मोराच्या मागे लागलेल्या लॅबला हाक मारून परत बोलावणारा मालक मला अजून भेटायचाय. 10 मीटरची लांब दोरी मिळते, ती हार्नेसला लावा, हातमोजे घाला, आणि रिकाम्या मैदानावर ‘ये’ शिकवा. पन्नास हाकांपैकी पन्नास वेळा तो वळला, तेही दुसरा कुत्रा समोर असताना, तर कुंपण असलेल्या जागेत सोडा. भटकी कुत्री अंगावर आली तर पळू नका, ब्रूनोला मागे घ्या, त्यांच्याकडे तोंड करून सावकाश मागे सरका. मी छत्री बाळगते, अंगावर आलेल्या कुत्र्यासमोर ती फटकन उघडली की बहुतेक वेळा भागतं. भटक्यांना मारायला धावणारा मालक स्वतःचाच कुत्रा बिथरवतो.

सोसायटीला उत्तर कसं द्यायचं? वकिलाची नोटीस पाठवू नका, निदान आत्ता तरी. एक पानभर पत्र लिहा: आजींचा खर्च आम्ही दिला आहे, ब्रूनोला यापुढे फक्त अमुक दोघं मोठी माणसं फिरवतील, लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर आम्ही थांबू, लस आणि परवान्याच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, शिकवणी चालू आहे, दोन महिन्यांनी समितीनं येऊन बघावं. खाली, अगदी शेवटी, 2015 च्या सूचनांचा एका ओळीत उल्लेख करा. मी अशी पत्रं बऱ्याच लोकांना लिहून दिली आहेत. बहुतेक ठिकाणी नोटीस मुकाट्यानं खाली उतरली, कारण समितीलाही भांडण नको असतं, त्यांना फक्त पुढच्या वेळी कोण जबाबदार हे कळायला हवं असतं. एका सोसायटीत नाही उतरली, तिथे शेवटी प्राणी कल्याण मंडळाकडे तक्रार करावी लागली.

आजींशी ब्रूनोची दोस्ती करून द्यायचा विचार असेल, म्हणजे ‘एकदा हात फिरवला की भीती जाईल’ वगैरे, तर तो सोडून द्या. त्यांनी स्वतःहून म्हटलं तरच, तेही प्लास्टर निघाल्यावर, त्या खुर्चीत बसलेल्या असताना आणि ब्रूनो पट्ट्यावर असताना.

सुरुवातीचे आठ दिवस लिफ्टसमोरचा व्हिडिओ काढून ठेवा आणि मला पाठवा. सगळे कुत्र्याचा काढतात. मला पट्टा धरलेल्या हाताचा हवाय.